नाव छोटे, लक्षण मोठे

एखादी वस्तू कोणत्या नावाने नोंदली जाते यावर तिचे भवितव्य किती अवलंबून असते, याचे एक ठळक उदाहरण यंत्रांच्या इतिहासात सापडते. १९६० नंतरच्या दशकात, ‘व्यक्तिगत संगणक’ हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या बऱ्याच आधी, मेजावर मावतील आणि वापरणाऱ्याला स्वतः आज्ञावली लिहून चालवता येतील अशी काही यंत्रे बाजारात आली. त्यांच्या निर्मात्यांनी त्यांना संगणक म्हटले नाही. त्यांनी त्यांना गणकयंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला कॅल्क्युलेटर, म्हटले. यामागे विनय नव्हता, निकड होती. ज्या नावाने ही यंत्रे तगली, त्याच नावामुळे पुढे ती विस्मरणात गेली. अलीकडे त्यांपैकी एका यंत्राला ‘जगातला पहिला व्यक्तिगत संगणक’ हा किताब देऊन जुना अन्याय दूर करण्याचा प्रयत्न उत्साहाने चालू आहे. हा सन्मान सदिच्छेतून आलेला असला, तरी आमच्या मते तो त्या यंत्राचे खरे मोल झाकून टाकतो. साहित्याच्या अध्यापकांनी या वादात का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रथम त्या काळाविषयी. तेव्हा संगणक म्हणजे एक दालन असे: वातानुकूलित खोली, कपाटांएवढी यंत्रे आणि ती हाताळणारे प्रशिक्षित कर्मचारी. अभियंत्याने किंवा संशोधकाने आपल्या छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी थांबायचे. एखाद्या कार्डात चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. देव गाभाऱ्यात, भक्त ओसरीवर आणि मध्ये पुजारी, अशी ती व्यवस्था होती. १९६५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-८ हा संगणक लहान आणि स्वस्त म्हणून नावाजला गेला, तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. दुसऱ्या टोकाला दातेरी चाकांची यांत्रिक गणकयंत्रे होती. ती बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करीत, पण प्रत्येक पायरीवर आकडा आणि क्रिया माणसालाच पुरवावी लागे. तेच सूत्र वेगवेगळ्या आकड्यांनी शंभर वेळा सोडवायचे, तर शंभर वेळा तेच हातवारे. चक्रवाढ व्याजाचे हिशेब, जमिनीची मोजणी, बांधकामाची गणिते ही कामे अशीच चालत. गाभारा आणि हातवारे यांच्या मधली मोकळी जागा ज्यांनी भरून काढली, त्यांची ही हकीकत आहे.

या जागेवर एकाच वेळी अनेकांची नजर गेली होती. अमेरिकेत मॅथाट्रॉन नावाचे यंत्र या दशकाच्या पूर्वार्धातच आले होते. अॅन वँग यांच्या कंपनीने १९६५ साली ‘लोसी-२’ बाजारात आणले. लॉगॅरिदमच्या आधारे गुणाकाराचे रूपांतर बेरजेत करण्याची युक्ती त्यात होती आणि त्याला छिद्रित कार्डावरून आज्ञा देता येत. तरीही या कथेचे मध्यवर्ती पात्र इटलीतले आहे.

उत्तर इटलीतल्या इव्ह्रेया गावची ओलिवेत्ती ही टाइपरायटर बनवणारी कंपनी. तिचे प्रमुख आद्रियानो ओलिवेत्ती यांची धारणा अशी होती की कारखाना हा केवळ नफ्याचा व्यवहार नसून तो एका समाजाचे केंद्र असतो. कामगारांसाठी ग्रंथालये, पाळणाघरे, व्याख्याने यांची सोय तर तेथे होतीच. पण कंपनीने नोकरीवर ठेवलेल्या माणसांची यादी पाहिली, तर साहित्याच्या अभ्यासकाला आश्चर्य वाटेल. कवी आणि समीक्षक फ्रँको फोर्तिनी तेथे जाहिरातीच्या कामात होते. कवी-कादंबरीकार पाओलो व्होल्पोनी सामाजिक सेवांचा विभाग सांभाळीत होते; कारखान्यातल्या कामगाराच्या मनाचा वेध घेणारी त्यांची ‘मेमोरिआले’ ही कादंबरी १९६२ साली आली. ओत्तिएरो ओत्तिएरी यांची १९५९ची कादंबरी याच कंपनीच्या दक्षिणेकडील कारखान्यातल्या नोकरभरतीच्या अनुभवावर आधारलेली आहे. युनेस्कोने २०१८ साली इव्ह्रेयाला विसाव्या शतकातील औद्योगिक नगर म्हणून जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्याची पाळेमुळे या दृष्टीत आहेत.

याच कंपनीने १९५९ साली ‘एलेआ ९००३’ हा मोठा, ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक सादर केला होता. त्यानंतर संकटांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी १९६० मध्ये आद्रियानो ओलिवेत्ती यांचे आगगाडीच्या प्रवासात अकस्मात निधन झाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये इलेक्ट्रॉनिक संशोधनाचे प्रमुख अभियंते मारिओ चू मोटार अपघातात गेले. कंपनी कर्जात बुडाली आणि १९६४ साली तिच्या मदतीला धनकोंचा आणि उद्योगपतींचा गट आला. फियाटचे प्रमुख व्हित्तोरिओ व्हाल्लेत्ता यांनी त्या वेळी असे मत दिले की कंपनी मुळात धडधाकट आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरणे हा तिच्या अंगावरचा मस असून तो कापून टाकायला हवा. त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक विभागाचा मोठा हिस्सा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला विकण्यात आला.

त्या विभागात पिएर जॉर्जो पेरोत्तो, जोव्हान्नी दे सान्द्रे आणि गास्तोने गार्झिएरा हे अभियंते एका लहान यंत्रावर काम करीत होते. विक्रीच्या व्यवहारात ते यंत्रही परक्या हाती जायचे. ते वाचले कसे? कंपनीच्या अंतर्गत नोंदींमध्ये कोणीतरी या यंत्राचा प्रकार बदलला. जेथे ‘संगणक’ असे होते तेथे ‘गणकयंत्र’ असे झाले. संगणक जनरल इलेक्ट्रिकचे, गणकयंत्रे ओलिवेत्तीची, अशी वाटणी झालेली असल्यामुळे एका शब्दाच्या फरकाने यंत्र आणि त्यामागची माणसे मूळ कंपनीत राहिली. गंमत अशी की ज्या जागेत ही मंडळी काम करीत होती ती आता जनरल इलेक्ट्रिकच्या मालकीची झाली होती. परक्याच्या घरात बसून, दुसऱ्या नावाखाली, त्यांनी आपले काम पूर्ण केले.

हे यंत्र म्हणजे ‘प्रोग्रामा १०१’. मारिओ बेल्लिनी यांनी त्याचा बाह्याकार घडवला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात ते आज आहे. पण आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याची अंतर्रचना. त्याच्या स्मृतीत दहा कप्पे होते आणि प्रत्येकात चोवीस चिन्हे मावत. म्हणजे एकूण २४० चिन्हे, इंग्रजीतल्या दीड एसएमएसएवढी. दोन कप्पे केवळ आज्ञांसाठी राखलेले होते, त्यांत ४८ आज्ञा बसत. आज्ञावली त्याहून लांब झाली तर आकड्यांचे तीन कप्पे तिला देता येत आणि ती १२० आज्ञांपर्यंत वाढवता येई. मात्र जितक्या आज्ञा वाढतील तितकी आकड्यांची जागा कमी होई. वृत्तात लिहिणाऱ्याला जशी प्रत्येक मात्रेची किंमत ठाऊक असते, तशी या यंत्रासाठी लिहिणाऱ्याला प्रत्येक आज्ञेची किंमत ठाऊक असावी लागे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्याच क्रिया त्यात आयत्या होत्या. त्याखेरीज जे हवे, ते वापरणाऱ्याने रचायचे. अट पूर्ण झाली तर एका ठिकाणी उडी मारायची, नाही तर पुढे चालत राहायचे, ही निर्णयाची सोयही त्यात होती. केवळ हिशेब करणाऱ्या यंत्रापासून त्याला वेगळे करते ती हीच सोय.

त्याची स्मृती ज्या रीतीने टिकत असे, तिचा उल्लेख साहित्याच्या वाचकांसाठी मुद्दाम करायला हवा. तिच्या मुळाशी धातूच्या एका तारेचे वेटोळे होते. तारेच्या एका टोकाला पीळ दिल्यासारखे सूक्ष्म स्पंद सोडले जात. ते तारेतून प्रवास करीत सुमारे दोन मिलिसेकंदांत दुसऱ्या टोकाला पोहोचत. तेथे ते वाचून पुन्हा पहिल्या टोकाने सोडले जात. म्हणजे आकडा कोठे ‘ठेवलेला’ नसे, तो सतत म्हटला जात असे. आवर्तन थांबले की स्मृती संपली. मौखिक परंपरेचे वर्णन करताना आपण वर्गात जे सांगतो, त्याहून हे फारसे निराळे नाही. आणि मौखिकाशेजारी लिखितही होते: वीज बंद झाली तरी टिकणारे मॅग्नेटिक कार्ड. आज्ञावली त्यावर उतरवून घ्यायची, खणात ठेवायची, हवी तेव्हा यंत्राला पुन्हा वाचायला द्यायची. हे कार्ड यंत्रात सरकवले की चार विशिष्ट कळांच्या वर येऊन विसावे आणि कोणती कळ या आज्ञावलीत कोणते काम करते, हे त्यावर हाताने लिहून ठेवता येई. आपण लिहिलेली रीत सहकाऱ्याच्या हाती द्यावी आणि त्याने ती आपल्या मेजावर चालवावी, हे आता शक्य झाले होते.

ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यालयीन यंत्रांच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. ओलिवेत्तीने दर्शनी भागात आपले नवे यांत्रिक गणकयंत्र मांडले होते आणि ‘प्रोग्रामा’ला मागची खोली दिली होती. गर्दी मागच्या खोलीत झाली. एवढेसे यंत्र हे सारे स्वतःच करते यावर काहींचा विश्वास बसेना. ते आड कोठेतरी मोठ्या संगणकाला जोडले असावे, अशी शंका घेतली गेल्याचे सांगतात. त्याची किंमत ३,२०० डॉलर होती आणि पुढील काळात अशी ४०,०००हून अधिक यंत्रे विकली गेली, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेत. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने अपोलो-११ मोहिमेच्या तयारीत ती वापरली. त्याच यंत्रावर व्हिएतनाम युद्धात बी-५२ विमानांच्या बाँबफेकीसाठी लक्ष्यांचे निर्देशांकही काढण्यात आले. आद्रियानो ओलिवेत्ती यांच्या मानवतावादी स्वप्नाशी या यंत्राचे नाते जोडणाऱ्यांनी ही दुसरी गोष्टही सांगायला हवी. साधन हाती आले की ते कोणाच्या हाती आले, हा प्रश्न संपत नाही.

आता पुन्हा नावाकडे. १९६८ साली ह्यूलेट-पॅकार्डने ‘९१००ए’ हे यंत्र आणले. किंमत ४,९०० डॉलर. एकही इंटिग्रेटेड सर्किट न वापरता घडवलेल्या या यंत्रात त्रिकोणमितीची आणि लॉगॅरिदमची फले आयती होती, लहानशा पडद्यावर तीन आकडे एकाखाली एक दिसत आणि आज्ञावलीच्या १९६ पायऱ्या मावत. मॅग्नेटिक कार्डासारख्या कल्पनांबद्दल ह्यूलेट-पॅकार्डने ओलिवेत्तीला सुमारे ९ लाख डॉलर स्वामित्वशुल्क दिल्याची नोंद आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या एका जाहिरातीत या यंत्राला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ म्हटले गेले होते. तरीही ते विकले गेले कॅल्क्युलेटर म्हणूनच. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांनी याचा खुलासा पुढे मोकळेपणाने केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: संगणक म्हटले असते तर ग्राहकांच्या पदरी असलेल्या संगणकतज्ज्ञांनी, हे आयबीएमसारखे दिसत नाही म्हणून, ते नाकारले असते, कॅल्क्युलेटर म्हटल्याबरोबर ती सगळी कटकट मिटली. हीच युक्ती डिजिटल इक्विपमेंटने आधी योजली होती. भांडवल पुरवणारे ‘संगणक’ शब्दाला बिचकत, म्हणून त्यांनी आपल्या यंत्रांना ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’ असे नाव दिले. पीडीपी ही अक्षरे त्याचीच.

मराठीत ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ अशी म्हण आहे. येथे नेमका उलटा प्रकार घडला. नाव छोटे होते म्हणून लक्षण मोठे होऊ शकले. मोठ्या नावाभोवती पहारे असतात: खरेदीच्या परवानग्या, तज्ज्ञांच्या समित्या, विभागांची मालकी. लहान नावाकडे कोणी फारसे बघत नाही. ज्या टाचणवहीत, ज्या अंदाजपत्रकात टाइपरायटर आणि टेबल-खुर्च्या बसत, त्यातच हे यंत्रही बसून गेले. १९७२चे ह्यूलेट-पॅकार्डचे ‘९८३०ए’ तर बेसिक भाषेत लिहिलेली आज्ञावली चालवीत असे आणि त्याला अक्षरांचा कळफलक होता. तरी त्याचे नाव कॅल्क्युलेटरच राहिले. यावर कळस म्हणजे १९७१चा इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर. पुढच्या सगळ्या व्यक्तिगत संगणकांचा हा पूर्वज बिझिकॉम या जपानी कंपनीच्या मेजावरच्या गणकयंत्रांसाठी घडवला गेला होता.

या पुराव्याच्या आधारे ‘प्रोग्रामा’ला पहिला व्यक्तिगत संगणक ठरवणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. स्वतः पेरोत्तो यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात हाच दावा मांडला आणि २००२ साली त्यांचे निधन झाल्यानंतर तो इतरांनी उचलून धरला. स्मृतीत साठवलेली आज्ञावली आहे, अटीवर आधारलेला निर्णय आहे, मेजावर ठेवण्याइतका आकार आहे. मग संगणक का म्हणू नये? ज्यांचे श्रेय दशकानुदशके हरवले होते, त्यांनी ते मागणे स्वाभाविकही आहे.

तरीही आमचा आक्षेप आहे, आणि तो आमच्या विषयातून आलेला आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासात हा खेळ आपण वारंवार पाहिला आहे. जात्यावरच्या ओवीचा गौरव करायचा, तर ती ‘काव्य’च आहे असे सिद्ध करावयाचे. दलित आत्मकथनाला मोठेपण द्यायचे, तर ते कादंबरीच्या निकषांना कसे उतरते हे दाखवायचे. हेतू चांगला असतो. पण अशा पदोन्नतीत वरचे पद जसेच्या तसे राहते. ओवीला काव्य म्हटल्याने काव्याची व्याख्या प्रश्नांकित होत नाही आणि ओवीत जे काव्यापलीकडचे आहे, म्हणजे श्रमाची लय, ऐकणारी शेजारीण, पहाटेचा एकान्त, ते उणे होते. ‘पहिले कोण’ हा प्रश्नही असाच फसवा असतो. १८५७चे ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी की नाही, या वादावर जितकी शाई खर्च झाली, तितकी त्या पुस्तकात विधवांविषयी काय म्हटले आहे यावर झाली असती तर बरे झाले असते.

‘प्रोग्रामा’ला संगणकाचे पद दिले की इतिहासाची एक सरळ रेषा तयार होते. ती इव्ह्रेयापासून निघते आणि आपल्या खिशातल्या फोनवर येऊन थांबते. या रेषेत जुने यंत्र हे आजच्या यंत्राचे बालपण ठरते: बोबडे, कौतुकास्पद, पण अपुरे. उलट त्याला गणकयंत्रच म्हणू दिले, तर एक वेगळी वाट दिसते. या यंत्रांची मूळ कल्पना अशी होती की ज्याला प्रश्न पडला आहे, त्यानेच उत्तराची रीत लिहावी. भूमापकाने भूमापनाची, विमागणितज्ञाने विम्याची. वापरणे आणि लिहिणे यांत तेथे अंतर नव्हते. आजच्या फोनची स्मृती त्या २४० चिन्हांच्या कोट्यवधी पट आहे. पण तो वापरणाऱ्यांतले बहुतेक जण त्याच्यासाठी आयुष्यात एकही आज्ञा लिहीत नाहीत. आपण सगळे वाचक झालो आहोत, तेही दुसऱ्याने आपल्यासाठी निवडलेल्या मजकुराचे. रेषा सरळ काढली की मधे हरवलेले हे लेखकपण दिसेनासे होते.

शब्दाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. संस्कृतात ‘गणक’ म्हणजे गणित करणारा माणूस, ज्योतिषी. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ही आधी माणूसच होता; अमेरिकेच्या लँगली संशोधन केंद्रात आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांचे ते पदनाम होते. दोन्ही भाषांत माणसाचे नाव यंत्राला गेले आणि माणूस त्यातून निघून गेला. या मेजावरच्या गणकयंत्रांच्या काळात मात्र काही वर्षे तो माणूस यंत्राशेजारी बसून, कार्डावर स्वतःच्या अक्षरात कळांची नावे लिहीत होता. ते हस्ताक्षर कोणत्याही ‘पहिल्या’पणापेक्षा आम्हाला मोलाचे वाटते.

तेव्हा किताब देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. किताबाने इतिहास पुरा होतो असे मानू नये, एवढेच आहे. ज्या नावाच्या आडोशाने एक कल्पना वाचली, ते नाव तिच्या चरित्राचा भाग आहे. ते पुसून वरचे नाव लिहिणे म्हणजे ज्या पहाऱ्याला चुकवून ती आली, त्या पहाऱ्याचाच शिक्का तिच्यावर मारणे होय. आपल्या वर्गात ओवी, कैफियत, बखर, आत्मकथन शिकवताना आपण हाच शिक्का हातात घेऊन उभे नाही ना, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासून पाहावे.